पिवळ्या काचेमागचा दिवा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 105 वा नियम एक साधी अपेक्षा ठेवतो: अंधार पडल्यावर रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या दिव्यांमुळे 155 मीटर पुढची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसली पाहिजेत. शोरूममधून बाहेर पडणारी गाडी ही अपेक्षा पूर्ण करते. तीच गाडी आठ-दहा उन्हाळे उघड्यावर काढते तेव्हा तिच्या हेडलाइटवरचं आवरण आधी धुरकट, मग पिवळट आणि शेवटी हाताला खरखरीत लागेल असं होतं. रात्री नीट दिसत नाही म्हणून मालक गॅरेज गाठतो. तिथे बल्ब बदलला जातो, कधी 60 वॅटच्या जागी 100 वॅटचा बसवला जातो, आणि तरीही घाटातलं वळण अंधारातच राहतं. बल्बमध्ये मुळात काही बिघडलेलं नसतं. प्रकाश अडतो तो त्याच्या पुढ्यात.

किती अडतो, याचं मोजमाप अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने 2018 मध्ये प्रसिद्ध केलं. पिवळ्या पडलेल्या जुन्या दिव्यांतून नव्यांच्या तुलनेत जेमतेम 20 टक्के प्रकाश बाहेर पडत होता. घासून, पॉलिश करून दुरुस्त केलेले दिवे 70 टक्क्यांच्या आसपास पोहोचले, आणि विशेष म्हणजे हे काम व्यावसायिकाने केलं की घरच्या घरी, यात फारसा फरक पडला नाही.

हे आकडे अंतराच्या भाषेत मांडले की त्यांचं गांभीर्य कळतं. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. म्हणजे ढोबळ हिशेबाने, नव्या दिव्याने 155 मीटरवर जेवढा उजेड पडतो, तेवढाच उजेड 20 टक्क्यांवर आलेला दिवा 69 मीटरवर पाडेल. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, चालकाला धोका दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावरही साधारण 75 मीटर जाते. साताऱ्या-सांगलीकडे ऊसतोडीच्या हंगामात, मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, अशी ट्रॉली पुढे असेल तर हा सहा मीटरांचा फरक किती महाग पडू शकतो हे सांगायला नको. आणि 70 टक्क्यांपर्यंत सुधारलेला दिवा? त्याच हिशेबाने तो 130 मीटरपर्यंत पोहोचतो. रविवारच्या सकाळी केलेल्या तासा-दोन तासांच्या कामाची ही कमाई आहे, आणि सुरक्षिततेवर इतक्या कमी पैशांत इतका परतावा देणारी दुसरी दुरुस्ती गाडीत क्वचितच सापडेल.

धुरकट आवरणाचा दुसरा त्रास समोरून येणाऱ्याला होतो. हेडलाइटचा झोत आखीव असतो. लो बीमला वरच्या बाजूला ठरावीक रेषेवर कापलेलं असतं, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये. आवरणावरचे असंख्य सूक्ष्म तडे आणि ओरखडे प्रकाश वाटेल त्या दिशेला उधळतात. रस्त्यावर पडायचा उजेड कमी होतो आणि जिथे पडू नये तिथे तो पडतो. म्हणूनच अशा दिव्यात जास्त वॅटचा बल्ब घालणं हा सर्वांत वाईट उपाय आहे. मान्य मर्यादा 60/55 वॅटची आहे. 100 वॅटचा बल्ब आतल्या चकचकीत परावर्तकाला आणि वायरिंगला तापवतो आणि समोरच्याला आणखी दिपवतो.

लोक या आवरणाला अजून ‘काच’च म्हणतात, कारण एके काळी ती खरोखर काच होती. अँबेसेडरचे गोल दिवे, प्रीमियर पद्मिनीचे दिवे, हे सगळे काचेचे. दगड लागून ते फुटत, पण पिवळे कधीच पडत नसत. अमेरिकेत तर 1940 पासून ठरावीक आकाराचा सीलबंद काचेचा दिवा सक्तीचाच होता. फोर्डने केलेल्या अर्जावरून तिथल्या सरकारने 1983 मध्ये नियम सैल केला आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हनवर प्लॅस्टिकच्या आवरणाचा, गाडीच्या घडणीत मिसळून गेलेला दिवा आला. युरोपने ही वाट नव्वदच्या दशकात धरली. वजन कमी, दगडाला दाद न देणारं, हवा तसा आकार घेणारं असं ते प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. 1953 मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अगदी थोड्या दिवसांच्या अंतराने शोधलं. एकाचं मॅक्रोलॉन झालं, दुसऱ्याचं लेक्सन.

या पदार्थाचे दोन दोष पहिल्यापासून माहीत होते. तो मऊ आहे, म्हणून लवकर ओरखडतो. आणि सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, त्यांची फेरजुळणी होते आणि त्यातून पिवळी संयुगं तयार होतात. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन जाडीचा कडक, अतिनील किरण शोषणारा पारदर्शक लेप दिला जातो. हेडलाइटचं आयुष्य म्हणजे खरं तर या लेपाचं आयुष्य. महामार्गावरची वाळू आणि खडी त्याला बारीक टोचे मारत राहते. सोसायट्यांमध्ये रोज सकाळी एकाच फडक्याने धुळीसकट गाड्या पुसल्या जातात, त्यानेही तो झिजतो. राहिलेलं काम ऊन करतं. म्हणून दिव्याचा वरचा, आकाशाकडे वळलेला भाग आधी पिवळा पडतो, आणि गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल तर बहुधा एका बाजूचा दिवा दुसऱ्यापेक्षा जास्त खराब होतो.

मग कारखान्यातून निघताना या लेपाची परीक्षा होत नाही का? होते. अमेरिकी नियमानुसार या प्लॅस्टिकचे नमुने फ्लोरिडाच्या दमट उन्हात आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात 3 वर्षं ठेवून तपासले जातात. युरोपातल्या नियमांत प्रयोगशाळेतल्या कृत्रिम सूर्याखाली प्रत्येक चौरस मीटरमागे 4,500 मेगाज्यूल ऊर्जा द्यावी लागते. भारतातले निकषही बऱ्याच अंशी याच धर्तीवरचे. आता महाराष्ट्रात सपाट जमिनीवर वर्षभरात प्रत्येक चौरस मीटरमागे पडणारी सूर्याची ऊर्जा 6,500 मेगाज्यूलच्या आसपास भरते. दिव्याचं आवरण उभं-तिरकं असतं आणि गाडी काही वेळ सावलीतही असते, तेव्हा हा हिशेब थेट लावता येत नाही. तरी परीक्षा किती आणि प्रत्यक्षातलं आयुष्य किती, याचा अंदाज येतो. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि फिटनेसची तपासणी तिच्या नूतनीकरणाच्या वेळी होते. नव्या दिव्याचा झोत पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांच्या प्रयोगशाळांत काटेकोरपणे मोजला जातो. तोच दिवा रस्त्यावर म्हातारा होत असताना मधल्या काळात त्याच्याकडे कोणीही अधिकृतपणे पाहत नाही. ही उणीव दूर होईपर्यंत जबाबदारी मालकावर येते, आणि म्हणून घरगुती उपायांची नीट पारख करणं गरजेचं ठरतं.

सर्वांत लोकप्रिय उपाय टूथपेस्टचा. तो अगदीच खोटा नाही. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाची बारीक पूड असते, ती सौम्य पॉलिशसारखं काम करते. धूसरपणा नुकताच सुरू झाला असेल तर दहा मिनिटांत फरक दिसतो. पण ती पूड खोलवरच्या पिवळेपणापर्यंत पोहोचत नाही आणि मागे संरक्षण काहीच ठेवत नाही, त्यामुळे काही आठवड्यांत दिवा मूळपदावर येतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचंही तसंच. घासण्याचं जे काही काम होतं ते सोड्याच्या कणांनी, फसफसण्याचा त्यात वाटा नाही. डब्ल्यूडी-40 किंवा तत्सम तेलकट फवारा मारला की दिवा क्षणात चमकतो, कारण तेल बारीक खाचा भरून काढतं. पहिल्या पावसात ते धुऊन जातं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं आणि दिव्यावर साबणाचं पाणी फिरवूनच तो पाहावा.

डास पळवणाऱ्या काही फवाऱ्यांतलं डीट हे रसायन, पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, या उपायांबाबत मात्र ठाम नकारच द्यायला हवा. ही द्रव्यं पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग मऊ करतात किंवा विरघळवतात. वरवर तो गुळगुळीत होतो आणि उजळतो, पण ताणाखाली असलेल्या या प्लॅस्टिकमध्ये त्यातून आतपर्यंत जाळीसारखे तडे पडू शकतात, आणि ते तडे कुठल्याच पॉलिशने जात नाहीत.

याच कुळातला नवा प्रकार म्हणजे वाफेचा. विजेवर तापणाऱ्या छोट्या भांड्यात एक द्रव ओततात, त्याची वाफ घासलेल्या दिव्यावर फिरवतात आणि पांढरट पृष्ठभाग डोळ्यांदेखत आरपार होतो. चित्रफितीत हे फार मोहक दिसतं. पण त्या द्रवात बहुतेकदा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन असतं. ते श्वासावाटे शरीरात जाणं घातक आहे. बंद गॅरेजमध्ये तर जिवाशी खेळ. शिवाय वाफ फक्त वरचा थर वितळवून सपाट करते, अतिनील किरणांपासून संरक्षण देत नाही. घरी करायच्या कामांत याला जागा असू नये.

आता खरा उपाय. तो जुनाच आहे: खराब झालेला थर घासून काढायचा. आवरण दोन-तीन मिलिमीटर जाड असतं आणि पिवळेपणा त्याच्या अगदी वरच्या, मिलिमीटरच्या छोट्याशा अंशात असतो, म्हणून हे शक्य होतं. सुरुवातीला एक तपासणी मात्र हवी. ओलं बोट फिरवल्यावर धूसरपणा त्या जागी क्षणभर कमी झाला तर दोष बाहेरच्या बाजूला आहे. पाण्याचे थेंब किंवा बाष्प आतल्या बाजूला दिसत असेल तर सील गेलं आहे किंवा हवेची नळी तुंबली आहे, आणि बाहेरून कितीही घासलं तरी त्याचा उपयोग नाही. आत खोल तडे दिसत असतील तर घासण्यात वेळ घालवू नये.

काम सावलीत करायचं. दिवा साबणाने स्वच्छ धुवायचा आणि भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावायचे. घासायच्या वॉटर पेपरचा एक निसटता हात बॉनेटच्या रंगाला कायमचा डाग देऊन जातो. पेपर पाण्यात थोडा वेळ भिजवायचा आणि काम संपेपर्यंत दिवा ओला ठेवायचा. जुना लेप पोपडे धरत असेल तर 600 नंबरपासून, नुसता धूसर असेल तर 1000 पासून सुरुवात करायची. इथे धीर लागतो. आधी पिवळसर पाणी ओघळतं. तो जुना लेप आणि खराब झालेलं प्लॅस्टिक. पाणी पांढरं येऊ लागलं आणि पूर्ण पृष्ठभाग एकसारखा दुधाळ दिसू लागला की त्या नंबरचं काम झालं. बहुतेक जण नेमके इथेच घाई करतात: मधला भाग साफ होतो, कडेला जुन्या लेपाची रेघ राहून जाते आणि महिन्याभराने तिथूनच पोपडे सुटतात.

पुढे 1500, 2000, जमल्यास 3000. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलायची, आधी आडवं तर आता उभं, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते कळतं. 600 चा एखादा ओरखडा राहिला तर 3000 नंबरचा पेपर तो काढू शकत नाही. त्यासाठी मागेच यावं लागतं. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षा वाईट दिसतो आणि घरातली माणसं काळजीत पडतात. पण रबिंग कंपाउंड लावून मऊ कापडाने किंवा ड्रिलला लावलेल्या फोमच्या बफने काम सुरू केलं की पारदर्शकता परत येते. बफ एका जागी धरून ठेवायचा नाही, कारण उष्णतेने पॉलिकार्बोनेट भाजून लाटा धरतं.

बहुतांश सल्ले इथे संपतात, आणि या विषयातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. चकचकीत झालेला दिवा आता पूर्णपणे उघडा आहे. कारखान्याचा उरलासुरला लेपही घासण्यात गेला. उन्हाला सामोरं गेलं आहे नुसतं पॉलिकार्बोनेट. महाराष्ट्रातला एक उन्हाळा त्याला पुन्हा पिवळं करायला पुरतो, आणि दर वर्षी घासत राहिलं तर आवरण तेवढंच पातळ होत जातं. घासण्याने दिवा स्वच्छ होतो, टिकतो तो वरच्या नव्या लेपाने. म्हणून दुरुस्तीचा संच विकत घेताना त्यात किती नंबरचे पेपर आहेत यापेक्षा शेवटी लावायला अतिनील-रोधक लेप आहे का, हे आधी पाहावं.

लेपाचे पर्याय बरेच आहेत आणि त्यांच्या टिकाऊपणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडीचं नेहमीचं मेण काही आठवडे साथ देतं, पावसाळ्यात त्याहून कमी. सिरॅमिक म्हणून विकला जाणारा पातळ लेप काही महिने काढतो. बाजारात मिळणारा एका डब्यातला क्लिअर स्प्रे सोपा वाटतो, पण त्यात अतिनील किरण रोखणारा घटक नसेल तर तो स्वतःच पिवळा पडतो किंवा पोपडे सोडतो, आणि मग पुन्हा 600 नंबरपासून सुरुवात. अमेरिकेतली हौशी मंडळी लाकडी दारं-खिडक्यांसाठीचं, उन्हाला टिकणारं युरेथेन व्हार्निश पातळ करून फडक्याने एका हातात पुसतात; काहींचा असा दिवा बरीच वर्षं टिकतो, काहींचा एका वर्षात पिवळसर होतो. सगळं हातावर आणि डब्यातल्या मालावर.

सर्वांत टिकाऊ लेप म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर कोट, गाडीच्या रंगावर असतो तोच. त्याची अडचण अशी की हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणीतून ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि करोनाकाळातले कापडी किंवा कागदी मास्क त्याला अडवू शकत नाहीत. घराच्या पार्किंगमध्ये, जिथे वरच्या मजल्यावरची मुलं खेळत असतात, तिथे हा फवारा मारूच नये. इथे एक मधली वाट निघते. घासण्याचं कष्टाचं, वेळखाऊ काम घरी करावं, 1000 किंवा 1500 नंबरवर थांबावं आणि शेवटचा क्लिअर कोट डेंटिंग-पेंटिंगच्या चांगल्या दुकानात, बूथमध्ये मारून घ्यावा. अशा वेळी दिवा आरशासारखा पॉलिश करून नेऊ नये. किंचित खरखरीत पृष्ठभागावर लेप पकड घेतो आणि ते बारीक ओरखडे तो स्वतःच भरून काढतो. पैशांची आणि आरोग्याची, दोन्हींची काळजी घेणारी इतकी चांगली तडजोड या कामात दुसरी नाही.

स्प्रे नकोच असेल तर पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म हा चांगला पर्याय आहे. पॉलिश केलेल्या दिव्यावर ती चिकटवली की ऊन आणि खडी दोन्ही ती स्वतःवर घेते, आणि खराब झाली की सोलून नवी लावता येते. हौसेखातर मिळणारी काळपट किंवा रंगीत फिल्म मात्र नको. जो उजेड एवढ्या मेहनतीने परत मिळवला तो ती पुन्हा गिळते.

लेप कोणताही असो, त्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करायचा, बोटांचे ठसेही राहू द्यायचे नाहीत. हवेत दमटपणा जास्त असताना फवारलेला लेप पांढुरका पडतो. कोकणात आणि मुंबईत तर जून ते सप्टेंबर हे काम हातीच घेऊ नये; नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी सकाळ उत्तम.

काही दिव्यांना नवा जोड हाच उपाय असतो: आत पाणी शिरलेले, तडा गेलेले, परावर्तकाची चमक उडालेले. ट्रिपल ए च्या चाचणीत कंपनीच्या मूळ दिव्यांनी पूर्ण उजेड दिला, तर बाजारातले स्वस्त पर्यायी दिवे 80 ते 90 टक्क्यांच्या दरम्यान राहिले. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुने-नवे दिवे मिळतात, ऑनलाइन तर ढिगाने. घेताना एक गोष्ट डोळसपणे पाहावी. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून लो बीमचा झोत डाव्या कडेला किंचित वर उचललेला असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा दिवा इथे बसवला तर तो उचललेला भाग थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दिवा घासलेला असो वा नवा, शेवटी झोताची उंची तपासावी लागते, कारण धुरकट आवरणामागे ती चुकलेली कित्येकदा लक्षातच आलेली नसते. सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून गाडी भिंतीसमोर 10 मीटरवर उभी करायची. दिव्याच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखायची. लो बीमची वरची कापलेली कड त्या खुणेच्या साधारण 10 ते 15 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. डॅशबोर्डवर उंचीची चकती असेल तर हे मोजताना ती शून्यावर ठेवायची, आणि मागे तिघं बसले किंवा डिकी भरली की एक-दोन आकडे पुढे सरकवायची.